बाटलीला श्वास घेऊ दे

रविवारी मटण करायचं तर वासंतीला चोरी केल्यासारखं करावं लागे. आधी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, मग हॉलची, मग जुना टॉवेल ओला करून दाराखालच्या फटीत कोंबायचा आणि मगच कुकर गॅसवर. लालबागची चाळ सोडून भाईंदर पूर्वेला फ्लॅट घेतला, तेव्हाच सोसायटीचे चेअरमन काशीनाथराव गोड हसून म्हणाले होते, "खा हो काय पाहिजे ते. फक्त वास बाहेर यायला नको, बिल्डिंगमध्ये बहुतेक शाकाहारी आहेत." हे काशीनाथराव स्वतः अलिबागकडचे! बहिणीकडे गेले की सुरमई चापायचे आणि इथे आले की नाकाला रुमाल लावायचे. वासंती त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणे. तिचा नवरा हरिश्चंद्र मात्र म्हणायचा, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मासाच धड खाऊ देत नाहीत, तिथे वैर कसलं, असं तिला वाटे. पण टॉवेल तीच ओला करी.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात कौस्तुभ, त्यांचा मुलगा, सुट्टीवर आला. तो जहाजावर किचनमध्ये होता. त्याने बॅगेतून एक काळपट लाल वाईन काढली. फ्रान्सची.

"मादिराँ," तो म्हणाला.

"नावातच मदिरा आहे की रे, मेल्या!"

"जाम कडक असते, आई. हिच्याबरोबर पनीर-बिनीर नाही चालणार. चरबीवालं मटण पाहिजे, तुझं वाटपाचं."

वासंतीने सकाळीच गोडदेवला जाऊन मटण आणलं, खिडक्या लावल्या, टॉवेल कोंबला आणि कांदा-खोबरं भाजायला घेतलं. धुराने डोळे चुरचुरत होते, पाठीवरून घाम ओघळत होता. कौस्तुभने बूच काढून बाटली टेबलावर ठेवली आणि तो नुसताच बसून राहिला.

"ओतत का नाहीस?"

"तासभर उघडी ठेवायची. आत कोंडलेली असते ना. तिला श्वास घेऊ द्यायचा, मग चव खुलते."

वासंतीने बाटलीकडे पाहिलं, मग बंद खिडकीकडे. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाटलीला श्वास पाहिजे, आणि मी काय मेल्येय?"

तिने धाडकन खिडकी उघडली. हॉलचीही उघडली. टॉवेल ओढून कोपऱ्यात भिरकावला आणि दारही सताड उघडलं. भाजल्या खोबऱ्याचा वास जिन्यावरून खाली निघाला.

"अगं, काशीनाथ येईल," हरिश्चंद्र पुटपुटला.

"येऊ दे. पाट मांडून ठेवते."

जेवायला बसल्यावर तिने आयुष्यातला पहिला वाईनचा घोट घेतला, तोही नवऱ्यासमोर. "ई! कच्च्या जांभळासारखी जीभ धरली!"

"आता मटण खा आणि मग घोट घे."

तिने चरबीचा तुकडा खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला. तुरटपणा गेला होता आणि रश्शाला आणखी चव आली होती. तिला ती बाटली एकदम आवडली. तोडीस तोड भेटल्याशिवाय नमत नव्हती ती.

तेवढ्यात काशीनाथराव उघड्या दारात उभे राहिले, रुमाल नाकावर. "वहिनी, काय हे! अख्ख्या बिल्डिंगमध्ये वास. लोक तक्रार करतायत."

"कोण लोक? नाव सांगा."

काशीनाथरावांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. आवाज ऐकून तिथल्या हंसाबेन बाहेर आल्याच होत्या, पदर नाकाला लावून. "मेरे को सहन नहीं होता, सच्ची बात," त्या म्हणाल्या. "पण दरवाजा तो मेरे पास भी है ना. मैं बंद करती हूँ." आणि त्यांनी स्वतःचं दार लावून घेतलं.

"बघा," वासंती म्हणाली. "ज्याला नको त्याने आपलं दार लावावं. मी माझं लावणार नाही."

"मग मला मीटिंग बोलवावी लागेल. हरिश्चंद्र, तुम्ही तरी समजवा."

हरिश्चंद्र ताटावरून उठला. कोपऱ्यात जाऊन त्याने तो ओला टॉवेल उचलला. वासंतीला वाटलं, आता हा दार लावणार, फटीत टॉवेल कोंबणार आणि पुन्हा सगळं तसंच होणार.

त्याने टॉवेल खिडकीबाहेर नेऊन पिळला, झटकला आणि दोरीवर वाळत घातला.

"घ्या मीटिंग," तो काशीनाथरावांना म्हणाला. "आमच्याच घरात घ्या. हवा चांगली येते."