कळ आली की सांगा

काचवाल्याला दुखलं की तो विनोद करायचा. आता याला काय म्हणावं! बाकीची माणसं 'आई गं' करतात, शिव्या हासडतात, घर डोक्यावर घेतात. हा हसवायचा. धंद्यानेच ही खोड लावली होती त्याला. थोरली काच दोघांनी धरून जिना चढताना एकजण ओरडला की दुसरा दचकतो, आणि दचकला की संपलंच. म्हणून काच खाली टेकेपर्यंत तोंडातून हूं की चूं काढायचं नाही, असा त्याच्या बापाचा नियम. काचेचं दुसरं टोक लग्नापासून त्याची बायकोच धरत आली होती. एकदा अर्ध्या जिन्यात तो म्हणाला, "अगं, रोज मी हिला कापतो, आज हिनेच मला कापलं!" ती खळखळून हसली. काच टेकवून बघते तर ह्याचं मनगट रक्ताने भरलेलं. तेव्हापासून नवरा रंगात आला की ती आधी त्याचे हात बघायची.

अशा माणसाची कंबर धरली. मणक्यांमधली गादी सरकली, शीर दाबली गेली, आणि उजवा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत ठणकायला लागला. शिडी चढणं बंद झालं. मग दुकानात बसून तो फ्रेमच्या काचा कापायचा आणि गिऱ्हाइकांची हसून हसून पुरेवाट करायचा. काय मजेशीर माणूस, म्हणत लोक जायचे. बायकोला घास गोड लागत नव्हता.

मणक्यांच्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. पाठीला करंगळी जाईल एवढंच भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण आत घालायची आणि सरकलेला तुकडा चिमट्याने काढायचा. दुसऱ्या दिवशी घरी.

"पण पूर्ण भूल द्यायची नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जागे राहणार. माझं हत्यार शिरेला लागलं तर पायात कळ जाईल. ती तुम्हालाच कळणार, मला नाही. कळ आली की सांगायचं, मी तिथेच थांबेन. अंगावर काढलंत तर पाऊल कायमचं लुळं पडेल."

"आणि थांबलात, तर?" काचवाल्याने विचारलं.

"दुसऱ्या बाजूने बघू. नाहीच जमलं तर पाठ उघडून मोठं ऑपरेशन. मग काही महिने वजन उचलायचं नाव काढायचं नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या सांगण्यातलं 'काही महिने' तेवढंच त्याच्या डोक्यात शिरलंय, हे तिला तोंडावरूनच कळलं.

"हे सांगायचे नाहीत हो," ती पटकन बोलून गेली. "दुखतंय हा शब्दच यांच्या तोंडून निघत नाही."

बाई हसल्या. "टेबलावर भलेभले बोलतात. काय हो, सांगाल ना?"

"सांगणार म्हणजे! बोंब ठोकेन," काचवाला म्हणाला.

तेव्हा अगदी तिच्या ओठांवर आलं होतं, की बाई, हे विनोद करायला लागले की हात थांबवा. पण असं कुणी डॉक्टरला सांगतं का? वेड लागलंय म्हणतील. ती गप्प बसली. माणूस नको तिथे बोलतो आणि हवं तिथे लाजतो, दुसरं काय!

ऑपरेशनच्या दिवशी त्याला आत नेलं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. कुणी बोलायला नाही, हाताला काम नाही. पदर बोटाला गुंडाळायचा आणि सोडायचा, एवढाच उद्योग. जीव नुसता टांगणीला लागलेला. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आतली सिस्टर काहीतरी आणायला लगबगीने बाहेर आली. तोंडावर मास्क होता, पण डोळे हसत होते.

"काय हो तुमचे मिस्टर!" ती जाता जाता म्हणाली. "बाईंना म्हणतात, एवढ्याशा भोकातून काय डोकावता, आधी सांगितलं असतंत तर चांगली सरकती खिडकी बसवून दिली असती! आणि म्हणतात, आत गेलाच आहात तर कणा आहे का बघून घ्या, बायको नाही म्हणते!"

तिलाही हसू फुटलं. क्षणभर बरंसुद्धा वाटलं, की चला, रंगात आहेत. आणि मग तिला ते रक्ताने भरलेलं मनगट आठवलं.

"सिस्टर, केव्हापासून बोलतायत असं?"

"आधी गप्प पडले होते. आता थांबायचं नाव घेत नाहीत."

"थांबवा!" ती ताडकन उठली. "थांबवा हो, त्यांना दुखतंय!"

"छे! बाई सारखं विचारतायत. ते अगदी मजेत आहेत."

"मजेत नाहीत! दुखलं की असंच करतात ते, जन्मभर असंच करत आलेत. पाया पडते तुमच्या, आत जाऊन सांगा, हात थांबवा म्हणावं!"

सिस्टरने तिच्याकडे असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती वळली आणि आत गेली, देव तिचं भलं करो. दार मिटता मिटता आतून हसण्याचा आवाज आला. मग तो बंद झाला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या मास्क हनुवटीखाली ओढूनच.

"निरोप आला तसा मी हात मागे घेतला," त्या म्हणाल्या. "तुकडा निघालाय. पण शीर बराच वेळ दाबली गेली असणार. मी विचारत होते, कळ येतेय का? छे म्हणायचे आणि पुढचा विनोद सांगायचे. मीसुद्धा हसले." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "पाऊल उचलत नाहीये. भुलीच्या औषधाचा अंमल तिथवर गेला असेल तर संध्याकाळपर्यंत उतरेल. तसं नसेल तर मला आत्ता काही सांगता येणार नाही. हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोसवला असता.

खोलीत तो उताणा पडला होता, गळ्यापर्यंत चादर. पाठीला म्हणे एवढीशी पट्टी, दाढी करताना कापल्यावर लावतात तेवढी. तिने आत पाऊल टाकलं आणि तिचा ताबा सुटला.

"गाढवासारखं सोसत पडलात! बोंब ठोकणार होतात ना? कुठे गेली बोंब? हातात काच होती का तुमच्या?"

"मोठं ऑपरेशन केलं असतं गं त्यांनी," तो पुटपुटला. "दुकान तू एकटीने कसं ओढलं असतंस?"

"ओढलं असतं! नाहीतर विकलं असतं! तुमचं पाऊल कुठून विकत आणू मी?"

ती पायथ्याशी बसली. चादर बाजूला करून तिने त्याच्या उजव्या पावलावर हात ठेवला. पाऊल थंड होतं, पुढे झुकून पडलं होतं.

"हलवा बघू अंगठा."

त्याने डोळे गच्च मिटले. कपाळाच्या शिरा तटतटल्या.

"हलला का गं?"

हो म्हणावं असं तिच्या फार मनात आलं. संध्याकाळपर्यंत तरी त्याला झोप लागली असती.

"नाही," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. मग तो हळूच बोलायला लागला. तिने इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

"जीव जात होता गं. पाय कुणी मुळासकट उपटतंय असं वाटत होतं. सांगू, सांगू म्हणत होतो, तोंडातून भलतंच निघत होतं. मग एकदम थांबलं सगळं, ठणकासुद्धा. मला वाटलं, फत्ते झालं काम. मी सुटलो." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मला भीती वाटतेय. हात ठेव ना जरा पायावर."

"ठेवलाय हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरलं नाही.