मी नर्सला बोलावते

परीक्षेच्या खोलीत पलंगावर रबरी पुतळा झोपला होता. आतल्या यंत्रामुळे तो धापा टाकायचा, आणि श्वास कमी पडला की त्याचे ओठ निळे व्हायचे. रोविना टॅकेटने उशाकडची बाजू उंच केली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नका हं, मी नर्सला बोलावते." मग दार उघडून ती बाहेर गेली.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. व्हरांड्यात उभी राहिल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ज्या नर्सला बोलवायचं ती आपणच.

परीक्षक मिसेस कोम्ब्स हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. नापास म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी आणखी एक संधी, तीही गेली तर नाव कमी.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या वृद्धाश्रमात रोविना सतरा वर्षं प्रॅक्टिकल नर्स होती. गोळ्या देणं, जखमा बांधणं, साखर तपासणं तिचं. पण माणसात बदल दिसला तर तो कशाचा आणि पुढे काय, हे ठरवायचं रजिस्टर्ड नर्सने, म्हणजे मिस ओपल रॅटलिफनी. ती रेघ ओलांडायला रोविनाने चव्वेचाळिसाव्या वर्षी रजिस्टर्ड नर्स होण्याचा ब्रिज कोर्स धरला होता. तिचे वर्ग मंगळवारी, म्हणून तिची पाळी सांभाळायला दीड वर्ष मिस ओपलनी मंगळवारची आपली सुट्टी सोडली होती. नापास झाल्याचं त्याच बाईला सांगायचं, हेच रोविनाला जास्त जड जात होतं.

जेवणाच्या सुट्टीत, घेवडा आणि मक्याचा पाव पुढ्यात ठेवून, तिने सगळं सांगितलं. मिस ओपल इतक्या हसल्या, की त्यांना चमचा खाली ठेवावा लागला.

"मग? आली का ती नर्स?"

"हसा तुम्ही. मी कोर्स सोडतेय."

"माझे सत्तर मंगळवार आधी परत कर, मग खुशाल सोड," मिस ओपल म्हणाल्या. मग बराच वेळ पाव कुस्करत बसल्या, आणि उठताना त्यांनी फर्मान काढलं. आजपासून रोविनाने नुसती बातमी घेऊन यायचं नाही. काय दिसलं, कशामुळे वाटतं आणि काय करावं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय मिस ओपल खुर्चीतून उठणार नाहीत. कुणाचा जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी.

पहिले दोन दिवस रोविनाने त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ती धावत आली. खोली बारामधले हॉबर्ट स्लोन आज स्वतःसारखे वाटत नाहीत, म्हणाली.

"मग कोणासारखे वाटतायत?" मिस ओपलनी खुर्चीत आणखी ऐसपैस बसून विचारलं.

रोविनाने एकेक करून सांगायला घेतलं. सकाळपासून त्यांनी मुलीला दोनदा बायकोच्या नावाने हाक मारली. नाश्ता तसाच आहे, लघवी थोडी आणि गढूळ. ताप नाही, पण या वयात तो नेहमी येतोच असं नाही. नाडी जलद आहे, रक्तदाब ठीक आहे. "मला लघवीचा संसर्ग वाटतो. डॉक्टरांना आत्ता फोन करावा, नमुना पाठवावा." बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हे सगळं तिला ठाऊक होतं, बहुधा दहाएक वर्षं. पण ते तोंडाने बोलून दाखव असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मिस ओपल उठल्या, जाऊन हॉबर्टना स्वतः तपासलं, आणि डॉक्टरांना फोनवर रोविनाचीच वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी सांगितली. नमुन्यात संसर्ग निघाला.

शुक्रवारी पुतळ्याचे ओठ निळे झाले तेव्हा रोविनाचे पाय सवयीने दाराकडे वळलेच. दोन पावलं गेली, थांबली, माघारी आली. छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, पायांची सूज दाबून पाहिली. मग फोन उचलून, परीक्षेपुरत्या डॉक्टर झालेल्या मिसेस कोम्ब्सना म्हणाली, "मी इथली नर्स बोलतेय. फुप्फुसात पाणी भरतंय असं मला वाटतं." पुढचं सगळं आपोआप आलं. मिसेस कोम्ब्सनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, पास. या वेळी दार उघडलं नाहीस, बरं झालं.

आश्रमात आल्यावर तिने आभाराचं काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला. मिस ओपलनी तो हाताने झटकून टाकला.

"आभार कसले? हे मी कधीच करायला हवं होतं. पण तू बोलवायला आलीस की मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू."

रोविनाला ते नवीन होतं. तिच्या मनात मात्र भलतंच होतं. सतरा वर्षांत ती किती वेळा धावत गेली असेल. त्यातल्या निम्म्या वेळा काही निघालंही नसेल.

"हा आठवडा सोडला तर तुम्ही एकदाही 'थांब, येते' म्हणाला नाहीत, मिस ओपल. प्रत्येक वेळी उठलात."

मिस ओपलनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तेच तर," त्या म्हणाल्या, "आता उठायची पाळी तुझी. गुडघे सांभाळ."