नेलपॉलिशची रेघ

“ताई, गाडीला काही झालेलं नाही. घरातच कोणाचा हात लागतोय का बघा.”

मिस्त्रीचं हे बोलणं तिने आठ दिवसांपूर्वी कानाआड केलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणून त्याला फाटकापर्यंत पोचवलं होतं. आज शनिवारी दुपारी सासऱ्यांच्या जुन्या गाडीत बसून तिने वायपरची खुंटी तिसऱ्यांदा ओढली, तेव्हा ते पुन्हा आठवलं. काचेवरचे दोन्ही वायपर ढिम्म. मोटरची घरघरसुद्धा नाही.

गाडी तिच्या नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी. सासऱ्यांनी गाडीसाठी घरात एकच कायदा करून ठेवला होता: समोरची काच पुसता येत नसेल, तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. आभाळ निरभ्र असलं तरी नाही. धूळ काही हवामान विचारून उडत नाही, असं ते म्हणत. सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती आणि चिमीला, तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, रोज शाळेत सोडायचं काम आजोबांनी महिन्यापूर्वी आपणहून अंगावर घेतलं होतं. नवरा निर्धास्त झाला. ती होण्याचा प्रयत्न करत होती.

आणि नेमकं त्यानंतर गाडीला ग्रहण लागलं. पंधरा दिवसांपूर्वी, आजोबांची शाळेपर्यंत सरावाची पहिली फेरी ठरली त्याच दिवशी, काचेवर पाणी उडेना. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. पाण्याच्या बाटलीकडून येणारी रबरी नळी सांध्यातून निसटली होती. ती त्याने पाच मिनिटांत बसवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. नळी जागेवर, पण फवाऱ्याच्या छिद्रांत साबण ठासलेला. टाचणीने तो कोरून काढता काढताच मिस्त्री ते वाक्य बोलला होता.

साबण आपल्या पायांनी चालत येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. गाडी कधी विकायची झाली तर आधी मला सांगा, असं मिस्त्रीने दोनदा सुचवलं होतं. त्याचा डोळा गाडीवर होता हे उघडच होतं. म्हाताऱ्याला कंटाळा आणायचा आणि गाडी पदरात पाडून घ्यायची. पण आज नळी, उद्या ब्रेक. मागच्या सीटवर चिमी असणार, या विचाराने तिला चैन पडेना.

म्हणून साबण निघाला त्याच संध्याकाळी तिने लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि नळीच्या सांध्यावर, फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर एकेक बारीक रेघ ओढली. कोणी हात लावला तर रेघ तुटणार. घरात कोणाला सांगितलं नाही. मिस्त्रीला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही.

आता तिने बॉनेट उघडलं. नळीवरची रेघ शाबूत होती. पेटीवरची मधोमध तुटली होती. झाकण काढलं, चार खाचा, आणि काचेच्या नळकांड्यांसारखे फ्यूज तीनच. वायपरची जागा रिकामी. फ्यूज जळतो हे तिने गाडीच्या जुन्या पुस्तकात वाचलं होतं. त्याला पाय फुटत असल्याचं कुठे लिहिलं नव्हतं.

मिस्त्री आठवडाभर आला नव्हता. नवऱ्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं.

ती घरात गेली. सासरे टेबलाशी चहा घेत बसले होते. कपाच्या कानावर टेकलेल्या त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली लाल कपचा होता, तांदळाच्या कणीएवढा.

“पुन्हा बंद पडलं वाटतं,” ते वर न बघता म्हणाले. “जाऊ दे. चिमीला शाळेची बसच लावून टाक.”

ती काही बोलणार, तेवढ्यात चिमी त्यांच्या चष्म्याचं घर कानाशी हलवत आली.

“आजोबा, तुमच्या चष्म्यात खुळखुळा आहे.”

त्यांनी हात पुढे केला, पण घर जरा बाजूलाच राहिलं. हवेत चाचपून मग ते बोटांना सापडलं. हे तिने आधीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

तिने चिमीला अंगणात पिटाळलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. सासरे चष्म्याच्या घरावरून अंगठा फिरवत राहिले.

“गेल्या महिन्यात गाडी मागे घेत होतो,” ते म्हणाले. “फाटकाशी काहीतरी लाल दिसलं. मला वाटलं, कोणीतरी बादली ठेवलीय. म्हटलं, बादलीच तर आहे, सरकेल. मग बादली हसली.”

चिमीचा लाल फ्रॉक दोरीवर वाळत होता. तिने तिकडे पाहिलं नाही.

“मग सांगायचं ना, बाबा.”

“काय सांगू? तू नोकरीचा होकार कळवून बसली होतीस.”

चहावर साय धरली. ती उठली, त्यांचा कप नेऊन गरम करून आणला आणि त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला.

“सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. चिमीला वाटेत सोडू, तिघं चालतच. कामावर मी उशिरा येते म्हणून कळवते.”

“आणि गाडी? तो विचारेल.” ‘तो’ म्हणजे तिचा नवरा.

“गाडी कशी काढणार? वायपर कुठे चालतोय?”

सासऱ्यांनी चष्म्याचं घर तिच्याकडे सरकवलं. तिने ते न उघडताच परत त्यांच्या खिशात घातलं.

संध्याकाळी ती मिस्त्रीच्या दुकानात जाऊन आली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. मात्र आता ती भेटेल त्याला एक गोष्ट सांगते, आणि तुम्हालाही सांगून ठेवते: तुमच्या माहितीत कोणाची जुनी गाडी अशी सारखी, पण नेमकी निघायच्या वेळी बिघडत असेल, तर मिस्त्रीला मागाहून बोलवा. आधी गाडीच्या मालकाकडे जाऊन घटकाभर बसा. आजच जा.