कातळावरचा तेरडा

अंबाजीकाका रविवारी सकाळी इडलीच्या वेळेला आले, तर समजावं की सहज आलेले नाहीत. हैदराबादच्या सुलतान बाजारात साड्यांच्या फॉल-अस्तराचं दुकान चालवणारा माणूस तो. गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच हे घेणारं आहे की नुसतं उलगडून बघणारं, हे ओळखणार. असा माणूस सहज कुठे जात नाही. त्या रविवारी तर हातात सफरचंदांची पिशवी होती. प्रियदर्शिनीनं आत डोकावून पाहिलं. एकही सफरचंद डागाळलेलं नव्हतं. म्हणजे विषय बाबांचा होता.

दुसरी इडली संपवून काकांनी घसा साफ केला. "वहिनी, शास्त्रात एक तप वाट बघायला सांगितलंय. दादाला जाऊन तप कधीच उलटलं."

"चटणी घ्या, भाऊजी," प्रियदर्शिनीची आई त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"चटणी नक्को. मी काय म्हणतो ते ऐका."

काका काय म्हणणार हे त्या हिमायतनगरच्या तिन्ही खोल्यांना पाठ होतं. शिवराज, म्हणजे प्रियदर्शिनीचे बाबा, बोअरवेलच्या गाडीवर पाणी बघायचे. शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि रानातून चालायला लागायचं. नारळ जिथं उठून उभा राहील तिथं खाली पाणी. कंपनीचे इंजिनियर मशीन घेऊन यायचे, आकडे काढायचे, हसायचेही, आणि शेवटी हळूच विचारायचे, "शिवराज, तुझा नारळ काय म्हणतो?" मालकाच्या गाड्या बोटीनं टांझानियाला गेल्या तेव्हा शिवराजही गेले. वर्षभर फोन येत राहिले. मग एका फोनवर म्हणाले, "इथलं काम संपलं. पलीकडच्या देशातल्या एका गावानं पाण्यासाठी बोलावलंय, बघून येतो." कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून गेले. मालकानं शोधलं, वकिलातीनं शोधलं, अंबाजीकाकांनी दुकान बंद ठेवून दिल्लीच्या चकरा मारल्या. माणूस सापडला नाही, आणि माणूस नसल्याचंही काही सापडलं नाही.

अशांसाठी आपल्याकडे सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात. मग गेलेला रीतसर गेला असं होतं. त्रिवेणीबाई मात्र रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून रुपयाएवढं कुंकू लावत होत्या, आणि ते वर्षागणिक लहान नव्हे, मोठंच होत चाललं होतं.

"स्नेहाचं लग्न जमेना," काका म्हणाले. स्नेहा त्यांची धाकटी. "भटजी म्हणाले, घरात कुणाचं तरी राहिलंय."

"स्नेहाचं लग्न तुम्ही मुलांना दुकानातल्या कापडासारखं उजेडात धरून बघता म्हणून जमत नाही."

काका हसले. हसू लगेच ओसरलं. "ते सोडा. मलाही आता जिना चढताना धाप लागते, वहिनी. माझ्या हातून त्याचं व्हावं. मी गेल्यावर कोण करील?"

हे मात्र नवीन होतं. त्रिवेणीबाईंनी न विचारताच त्यांच्या ताटात चटणी वाढली. मग त्यांनी मुलीकडे बोट केलं. "हिच्या ऑफिसात एका गवताच्या काडीला मेली म्हणायचं तरी आधी माणसं पाठवून शोधतात. फुलायच्या दिवसांत शोधतात, तिच्याच जागी शोधतात, पुन्हा पुन्हा शोधतात. होय की नाही गं? आणि माणसाला मेला म्हणायला पंचांग पुरतं?"

प्रियदर्शिनीनं इडलीत मान घातली. आईनं तिचाच नियम तिच्याच ताटात वाढला होता.

काडी म्हणजे तेरडा होता. आपल्याकडच्या तेरड्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. टांझानियातल्या एका टेकडीच्या पायथ्याशी, बारमाही पाझरणाऱ्या एका कातळावर तो उगवायचा, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. बोटभर उंची, निळसर फूल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संशोधकानं त्याचे नमुने नेले होते, नंतर कुणाला तो दिसला नाही. प्रियदर्शिनी ज्या संस्थेत होती तिथं अशा झाडांची स्थिती ठरवायचं काम चाले: हे सुरक्षित, हे धोक्यात, हे गेलं. तेरड्याच्या नावापुढे 'बहुधा नामशेष' असं लिहिलेलं होतं. ते 'बहुधा' प्रियदर्शिनीनं वर्षानुवर्षं निखाऱ्यासारखं हातानं वारा घालून विझू दिलं नव्हतं.

तिच्या वरिष्ठ मेधा मॅडम पुण्याच्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की त्यांच्यापुढे प्रियदर्शिनी तोंडापर्यंत आलेलं हैदराबादी 'हौ' गिळून 'हो' म्हणायची. त्या एकदा म्हणाल्याही होत्या, "प्रियदर्शिनी, तुझ्याकडची बाकीची झाडं तू महिन्याभरात हातावेगळी करतेस. ह्या एका तेरड्याचं एवढं कौतुक का गं? सासरचा आहे का?"

"अजून एकदा बघू या, मॅडम. पाऊस उशिरा झाला तिकडे."

"दर वर्षी तिकडे पाऊस उशिरा होतो?"

मॅडमना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्या टेकडीखालच्या गावात शिवराजनी वर्षभर मुक्काम केला होता. यादीत टेकडीचं नाव दिसल्या दिवशी प्रियदर्शिनीनं तो तेरडा मागून घेतला. तिकडे झाडं शोधायला मुसा नावाचा माणूस जायचा. त्याला ती दर हंगामाआधी फुलाचं चित्र पाठवायची आणि सोबत बाबांचा फोटो. मुसानं एकदाही कारण विचारलं नाही. कातळ बघायचा, मग गावात जाऊन फोटो दाखवायचा, आणि दोन्हींचं उत्तर एकाच वाक्यात कळवायचा: दिसलं नाही, कुणी ओळखलं नाही. तरीही 'बहुधा' आहे तोवर मुसाची पुढची खेप होती, आणि मुसाची खेप होती तोवर कुणीतरी बाबांना शोधत होतं. संस्थेच्या कामात स्वतःचं काम मिसळणं बरोबर नाही, हे तिला कळत होतं. पण दुधात पाणी घालणाऱ्यालाही ते कळतच असतं.

ह्या वर्षी मॅडमनी निक्षून सांगितलं होतं, ही शेवटची खेप.

मुसाचा फोन सोमवारी दुपारी ऑफिसात आला. दोघंही इंग्रजीत बोलायची, पण ते इंग्रजी त्याच्याही गावचं नव्हतं आणि तिच्याही. त्यामुळे छान जमायचं.

"बहीण, आधी चांगली बातमी," मुसा म्हणाला. त्याचा आवाज फुलला होता. "तुझे वडील ओळखले!"

प्रियदर्शिनी खुर्चीतून उठली ती उभीच राहिली.

"मी फोटो दाखवून चुकत होतो. फोटोत कोट घातलेला साहेब आहे, त्याला कोण ओळखणार? ह्या वेळी एका म्हातारीला सांगितलं, पाणी शोधणारा हिंदुस्थानी माणूस. ती लगेच उठली, हात असा पुढे केला आणि अंगणात चालायलाच लागली. म्हणाली, नारळवाला! सगळं गाव हसत होतं. नारळ उभा राहिला, गाडीनं भोक पाडलं, पाणी माणसाच्या डोक्यावरून उडालं. बायका नाचल्या. त्यालाही नाचवलं म्हणे."

"बाबा नाचले?"

"वाईट नाचला, असं म्हणाली."

ती हसली. किती वर्षांनी बाबांबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं. ते वाईट नाचतात हे कळलं होतं. शेजारच्या टेबलावरून मॅडमनी वर बघितलं.

"मग? पुढे कुठे गेले?"

"ट्रकनं गेला, एवढंच. त्यापुढचं कुणाला माहीत नाही, बहीण. मी सगळ्यांना विचारलं."

"आणि तेरडा?"

मुसाचा आवाज खाली आला. "कातळ ह्याही वेळी कोरडा आहे. पूर्ण. शेवाळ हाताला लागलं तर राख होतं. मी पलीकडची बाजूही पाहिली, वरची घळही पाहिली. ह्या वर्षी तर पाऊसही चांगला झालाय, तरी थेंब नाही."

"कातळ कधी आटला? म्हातारीला विचारलंस?"

मुसा पुन्हा वरच्या घळीबद्दल सांगू लागला. मुसा हुशार होता. त्यानं विचारलं होतं, आणि सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"मुसा."

"पंप बसल्यावर," तो म्हणाला. "आधी कातळाची धार बारीक झाली. मग दुसरा पंप बसला, मग बंद. ती म्हणाली, पाणी वरून खाली आलं, आमच्या दारात आलं, बरंच झालं की."

प्रियदर्शिनी बसली. बाबांचा नारळ खोटं बोलला नव्हता. कातळातून जे ठिबकत होतं तेच पाणी त्याला खाली लागलं होतं. तिनं वर्षानुवर्षं ज्या दोघांना एका खेपेत शोधायला लावलं होतं, त्यांतल्या एकानंच दुसऱ्याची वाट बंद केली होती. आणि तेरड्याचं बी काही जमिनीखाली पिढ्यान् पिढ्या वाट बघत बसत नाही; ओल गेली की तेही जातं.

तिनं त्याच दुपारी अहवाल लिहायला घेतला. 'बहुधा' खोडलं. कारणाच्या जागी आली तेव्हा बोटं थांबली. 'हवामानातला बदल' असं लिहिलं असतं तर जगात कुणी हरकत घेतली नसती. त्याच्या नावावर आजकाल काहीही खपतं. तिनं लिहिलं, कूपनलिका, भूजलाचा उपसा.

मॅडमनी वाचलं. "कुणी खोदल्या, कळलं का?"

"हौ," प्रियदर्शिनी म्हणाली. ह्या वेळी तिनं ते गिळलं नाही. "हैदराबादच्या लोकांनी, मॅडम. पाणी माझ्या वडिलांनी बघून दिलं."

 मेधा मॅडमनी कागद बाजूला ठेवला, चहा मागवला आणि तिच्याजवळ बसून राहिल्या.

घरी आई मेथी निवडत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "तुझं फूल सापडलं?"

"नाही."

"नीट बघितलं?"

"नीट बघितलं, आई. फुलायच्या दिवसांत, त्याच्याच जागी, आजूबाजूलाही."

मेथीची एक काडी बराच वेळ आईच्या हातात राहिली. "आणि ह्यांचं?"

प्रियदर्शिनी बघतच राहिली.

"अशी काय बघतेस? पानाफुलांची नोकरी करणारी पोर दर वर्षी कपाटातून बापाचा फोटो काढून नेते, आणि मला कळत नाही? तूच तो कोटातला नेतेस. मी म्हणणार होते, लुंगीतला ने. त्यात ओळखू येतात."

मग प्रियदर्शिनीनं सगळं सांगितलं. म्हातारीचा पुढे केलेला हात, उडालेलं पाणी, वाईट नाच. आई हसली. नाचाशी येऊन डोळे पुसत हसली. "आमच्या वरातीतसुद्धा असेच नाचले होते. माझा भाऊ म्हणाला, जावयाला विंचू चावला का बघा."

कातळाचंही तिनं सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं, पण आई लुंगीतल्या फोटोपर्यंत पोचलेली बाई, तिच्यापासून काय लपणार?

आईनं मेथीची पुढची जुडी सोडली. "गावाला पाणी मिळालं ना?" ती म्हणाली.

"मिळालं. अजून आहे."

"मग ते फूल आपलं पाणी मागायला कुठे गेलं असतं? बिचारं." तिनं मेथीचा पाचोळा गोळा केला, परत पसरला, परत गोळा केला. "तू त्याला काय लिहिलंस?"

"गेलं म्हणून लिहिलं."

"शंका उरली नाही?"

"शंका धरायला जागा उरली नाही, आई."

"मग ह्यांनाही शोधायचं तेवढं शोधून झालं," म्हणत त्रिवेणीबाईंनी हात धुतले, फोन उचलला. "भाऊजी, भटजींना दिवस विचारा," एवढंच म्हणाल्या.  ज्या होकारासाठी काका वर्षानुवर्षं चांगली फळं आणत होते तो मिळाला, आणि त्यांना रडू आलं.

पळसाची पानं जहिराबादकडून बसनं आली. अंबाजीकाका अफझलगंजच्या स्टँडवर जाऊन गठ्ठा खांद्यावर घेऊन आले, कुणाला हमाल करू दिला नाही. मुशी नदीकाठच्या स्मशानात भटजींनी दर्भावर पानं मांडायला घेतली: हे हात, हे पाय, ही छाती. नदीचा वास येत होता. भटजी नाकाला उपरणं लावून मंत्र म्हणत होते, त्यामुळे देवांना किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. बायका तिथं येत नाहीत, असं त्यांनी आधी दोनदा सांगून पाहिलं होतं. त्रिवेणीबाई आल्या होत्या.

"नारळ," भटजींनी हात पुढे केला. डोक्याची जागा रिकामी होती.

नारळ त्रिवेणीबाईंच्या पिशवीत होता. शेंडी राखलेला, पाणी वाजणारा. त्यांनी तो काढला, पण दिला नाही. उजवा हात समोर धरला, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि चालू लागल्या. पानांच्या माणसाभोवती, सावकाश, पाऊल जपून टाकत, शिवराज रानातून चालत तसं.

"बाई, हे विधीत नाही," भटजी म्हणाले.

"थांबा जरा," अंबाजीकाका म्हणाले. तेही नारळाकडेच बघत होते. प्रियदर्शिनीही बघत होती.

त्रिवेणीबाई पायांकडून डोक्याकडे आल्या. तिथं उभ्या राहिल्या. हात जडावून कापायला लागला, तसा नारळ किंचित हलला, आणि भटजीही पुढे झुकून बघू लागले. मग त्यांनी दुसरा हात खाली धरला. कापणं थांबलं.

नारळ आडवाच होता.

तो उठतो का, याची आणखी थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग वाकून, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, तो पानांच्या वरच्या टोकाला ठेवला आणि त्याची शेंडी हातानं नीट केली.