मर्यादवेलीची साक्ष

विठाने वेलीचा सुटलेला शेंडा उचलून बांधावर वळवला आणि त्यावर दोन मुठी वाळू दाबली. तेवढ्यात तिचा भाचा धर्मेश जागेच्या पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांना घेऊन बांधावर चढला.

"हीच ती, साहेब. मर्यादवेल. जिथं ही फुलते, तिथं भरतीचं पाणी चढत नाही. आमची आत्याच सांगते."

साहेबांनी जांभळ्या फुलांचे फोटो काढले.

विठाचा हात वाळूतच राहिला. वाक्य तिचंच होतं. धर्मेश लहान असताना तिनेच त्याला ते शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाजणाचा हा बांध खचायला लागला, तेव्हा समुद्राकाठून वेलीच्या कांड्या आणि वाळूच्या गोणी तिनेच मागवल्या. गोणी टेम्पोतून उतरवून गुडघाभर गाळातून बांधावर आणल्या धर्मेशने.

"म्हणजे ही पाणथळ जागा नाहीच," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "भराव टाकायला हरकत नाही."

"येल मी लावलीय," विठा म्हणाली.

धर्मेश हसला. "आत्याचं वय झालं, साहेब. तिला वाटतं, खाडीपण तिनेच आणलीय."

"वाळूच्या गोणी कोणी उतरवल्या रं?"

"कुठल्या गोणी? चल आत्ये, रिक्षात बस. ऊन लागतंय तुला."

विठा उठली नाही. तिने वेलीखाली बोटं खुपसली. वीतभर वाळू बाजूला सरली आणि खालून काळा, ओला गाळ निघाला. मिठागरात वाढलेलं माणूस माती डोळ्यांनी पारखत नाही. तिने गाळाची बारीक गोळी केली आणि हात पुढे केला. साहेबांपुढे नाही, धर्मेशपुढे.

"चाख. आन् साहेबांना सांग, गोड हाय का खारट."

लिहिणारं पेन थांबलं. धर्मेशने गोळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"आत्ये," तो आवाज उतरवून म्हणाला, "बिल्डरच्या कागदावर तुझंपण नाव घातलंय. एक फ्लॅट तुला..."

"चाख म्हणते ना."

त्याने ओठ घट्ट मिटले. लहानपणी तापात ती कडू काढा पाजायला गेली की मिटायचा, अगदी तसेच.

साहेब खाली वाकले. "आजी, हा गाळ किती खोल असेल?"

विठाने हात मागे घेतला नाही.

"याला इचारा," ती म्हणाली. "याला ठाव हाय."