परतीच्या पाट्या

"साहेब, मी कुठं आहे?" फोनवर नव्या टायपिस्टबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"ते तुम्हीच सांगायचं, बाई. समोर काय दिसतंय?"

"झाडं. आणि तुमचा पुठ्ठा. पण त्याच्यावर काहीच नाही हो!"

बाग खात्याचे नकाशे काढणारे आरेखक फोन ठेवून लगबगीने कचेरीतून निघाले. ओढ्याकाठची, खाणीवरची, तळ्याकडची, शहरातली एकूणएक पायवाट त्यांच्या पायाखालची. म्हणून कचेरीत त्यांना सगळे 'वाटाडे' म्हणत. निवृत्तीआधी या वाटांवर दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावायच्या, एवढं एकच काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. लोखंडी पाट्या करण्याआधी पुठ्ठ्याच्या बांधायच्या आणि एखाद्या नवख्या माणसाला एकट्याने चालायला लावायचं, ही त्यांचीच रीत. बाई नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांच्याइतकं नवखं कोण मिळणार?

बाई खाणीजवळच्या फाट्यावर चपला काढून दगडावर बसल्या होत्या.

"तळ्यापर्यंत झकास गेले. लहान मूलसुद्धा जाईल. पण येताना बघते तर प्रत्येक पाटी माझ्याकडे पाठ करून उभी! माझ्या सासरच्यांसारखी."

वाटाडे हसायला गेले आणि मध्येच थांबले. मागे वळून त्यांनी पाहिलं. झाडाझाडांतून आपलेच पुठ्ठे दिसत होते. कोरे.

"तुम्ही कधी या वाटेनं परत आलाच नाहीत की काय?" बाईंनी विचारलं.

"नाही आलो," ते हळूच म्हणाले. "जाताना चालत जायचो आम्ही. येताना तळ्यावरून बस. हिचे गुडघे दुखायचे ना."

देवाने माणसाला डोळे पुढेच दिले. पाठीमागचं सांगायला दुसरं माणूस दिलं. वाटाड्यांचं ते माणूस दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेलं होतं.

बायकोला पाट्या मोठ्याने वाचायची सवय. दुकानांच्या, बसच्या, 'येथे थुंकू नये'सुद्धा. "अगं, मला वाचता येतं," ते म्हणायचे. "येतं, पण वाचता कुठं?" ती म्हणायची. खाणीच्या वर एक बाक होता. तिथे ती टेकायची, पदराने वारा घ्यायची आणि म्हणायची, "ही माझी दमाची जागा. हिला मात्र मेली पाटी नाही." नकाशावरची सगळ्यात शेवटची पाटी त्या चढाच्या तोंडाशी होती. 'दमाची जागा'. ती लोखंडात उभी राहिलेली बघायची आणि मगच कचेरी सोडायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे काम मागून घेतलं ते त्याचसाठी. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो वाटाडे, जन्मभर वाटा तुडवल्या आणि परत यायचं विसरलात?"

"चुकलं खरं."

"पाट्यांसाठी देणगी देणाऱ्या संस्थेनं दिले तेवढेच पैसे. वाढवून मागायला आता तोंड नाही. दोन्ही बाजू रंगवायच्या तर काहीतरी गाळावं लागणार."

दोघे नकाशावर वाकले. वेशीवरचा मोठा फलक लहान केला, पक्ष्यांच्या चित्रांची पाटी गेली. तरी एक पाटी जास्तच होत होती.

"हे काय? दमाची जागा?"

"बाक आहे, साहेब. वर."

"कोण जातं तिथं?"

वाटाड्यांनी चष्मा पुसला. "फारसं कोणी नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या तुमची. जाता जाता एवढी हौस होऊ दे. दवाखान्यामागच्या फाट्यावरची गाळू. तिथं चुकून चुकून माणूस कुठं जाणार? शहरातच तर आहे."

वाटाड्यांना हो म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण डोळ्यांपुढे चपला काढून बसलेल्या बाई आल्या. आणि दवाखान्याच्या मागच्या दाराने, हातात रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडलेला आणखी एक माणूस आला.

"नको, साहेब. तिथून निघालेल्या माणसाला काही सुचत नसतं. त्या दिवशी मीच तिथं चुकलो होतो. इतक्या वाटा माहीत असून."

त्यांनी खोडरबर घेतलं आणि नकाशावरची ती अक्षरं स्वतःच खोडली. चुरा फुंकरीने उडवला नाही. तळहाताने गोळा केला.

पाट्या लागल्या. उद्घाटनाला माणसं आली, टाळ्या झाल्या, पांगली. वाटाडे निवृत्त झाले.

त्यानंतरच्या रविवारी ते एकटेच निघाले. पाटी नसलेल्या चढाशी वळले, बाकावर एका कडेला बसले, दम घेतला. मग तळ्यापर्यंत गेले. थांब्यावर बस उभी होती. वाहकाने ओळखीने हात केला, "चला ना काका."

"आज चालत जातो," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर पहिली पाटी त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. अक्षरं त्यांनीच काढलेली. तरी ते समोर थांबले आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"शहराकडे."

कोणी काही बोलावं इतका वेळ ते तिथेच उभे राहिले. मग बाणाने दाखवलं तिकडे चालू लागले.