यापूर्वी या जागी काही केले आहे का?

वय: एकाहत्तर.

व्यवसाय: शिंपी, निवृत्त. जन्मभर लोकांच्या कंबरा मोजल्या. आता माझं माप आतून घेणार आहेत.

सोबतचे नातेवाईक: मुलगी. तिचा नवरा आत दुर्बीण घेऊन तयार आहे. म्हणजे डॉक्टर माझा जावई. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही, हे बरंच आहे.

तक्रार: मोठ्या आतड्यात गाठ, वळणापलीकडे एका घडीमागे दडलेली. दडण्यात ती माझ्यावर गेलीय.

करावयाची प्रक्रिया: जावयाने परवाच समजावून सांगितलं. सुईने गाठीखाली पाणी भरायचं, गाठ वर उचलली जाते, मग बारीक सुरीने ती खालून एका तुकड्यात सोडवायची. मी म्हटलं, समजलं, अस्तर काढायचं आणि वरचं कापड शाबूत ठेवायचं. तो खूश झाला. गाठ उचलली गेलीच नाही तर मात्र पोट फाडायचं, आणि कदाचित शौचासाठी पोटावर कायमची पिशवी.

यापूर्वी या जागी काही केले आहे का? नाही.

हा 'नाही' मी फार सुबक अक्षरात लिहिला. चार महिन्यांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरकडे गुपचूप गेलो होतो. ज्याच्या लग्नाचा कोट मी शिवला, त्या जावयापुढे विजार उतरवायची कशी? त्या डॉक्टरने तारेचा फास टाकून गाठ ओढली. अर्धी आली, अर्धी राहिली. मग म्हणाला, उरलेली काढू शकेल असा एकच माणूस आहे, आणि नाव लिहून दिलं. जावयाचं. कागद मी रस्त्यात फाडला. गेल्या आठवड्यात रक्त दिसलं तेव्हा मुलीने मला इथे धरून आणलं, आणि स्कॅनमध्ये गाठ सापडली.

नर्स फॉर्म न्यायला आली. सहज विचारल्यासारखं करून मी विचारलं, या प्रश्नाने काय फरक पडतो? ती म्हणाली, आधी ओढाताण झाली असेल तर खाली वण धरतो, गाठ नीट उचलली जात नाही, आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल तर आतड्याला भोक पडू शकतं.

~~नाही.~~ हो. (मागे पाहा.)

"आजोबा, खाडाखोड चालत नाही," नर्स म्हणाली. तरी घेऊन गेली.

फॉर्म हातात धरून जावई बाहेर आला. मागची बाजू त्याने दोनदा वाचली.

"बाबा, कोणत्या बाजूने ओढली होती?"

मला माहीत नव्हतं; झोपेचं औषध दिलं होतं. मी म्हटलं, लाज वाटली हो.

"मलाही वाटतेय. हे काढू शकणारं दुसरं कोणी असतं तर तुम्हाला तिकडेच पाठवलं असतं."

(फॉर्म त्यांनी ठेवून घेतला. पुढचं औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर.)

अडीच तास लागले. मुलगी सांगते, वणाची बाजू त्याने शेवटी घेतली, आणि तेवढ्या बोटभर जागेला तासभर गेला. गाठ अखंड निघाली. एके ठिकाणी आतडं पातळ झालं होतं, तिथे भोक पडू नये म्हणून आतून बारीक चिमटे लावलेत. तुकड्याचा रिपोर्ट आठवड्याने. पिशवी नाही.

संध्याकाळी जावई खाटेशी आला. माझ्याकडे न बघता सलाइनच्या बाटलीकडे बघत उभा राहिला.

"सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचंय. माझ्याकडेच याल ना?"

"येईन," मी म्हटलं. "पण खोलीतले दिवे जरा कमी ठेवा."